किरायाची मगर

"पाल्य वर्गात वारंवार असत्य कथन करते. पालकांनी समक्ष भेटावे."

डायरीचं पानभर, लाल शाईत. खाली सही आणि सहीखाली दोन रेघा. आता मला सांगा, हे वाचून कुठल्या आईला झोप लागेल? माझ्या एका बाजूला जुई पाय पसरून झोपलेली, तिच्या पलीकडे तिचे वडील घोरत पडलेले, आणि मी कुरकुरणाऱ्या पंख्याकडे बघत साडेचार वर्षांच्या लेकीचं भविष्य मांडत बसले होते. आज असत्य कथन. उद्या दुसऱ्याच्या डब्यातली पोळी. मग खोट्या सह्या. मग एक दिवस पोलीस दारात. पहाटेपर्यंत मी तिचा जामीनसुद्धा करून आले होते.

(पंखा का कुरकुरतो ते विचारू नका. नवरा इलेक्ट्रिशियन आहे म्हणून कुरकुरतो. गावभराचे पंखे दुरुस्त करणाऱ्याच्या घरात दुसरं काय होणार?)

आणि मी कोण, तर डी.एड. झालेली बाई. ‘मूल खोटं का बोलते?’ या प्रश्नावर मी परीक्षेत चार पानं लिहिली होती, पुरवणी लावून. त्या रात्री त्यातलं एक वाक्य आठवलं असेल तर शपथ.

सकाळी वेणी घालताना मी अगदी पुस्तकातल्या आईच्या आवाजात विचारलं, की बाळा, तू मिसना काय सांगितलंस? जुई म्हणाली, खरं सांगितलं. मग मिस असं का लिहितात? तर म्हणाली, "त्यांना माहीत न्हाई मनून."

म्हणजे खोटं बोलते ते बोलते, वर मिसलाच अडाणी ठरवते.

डायरीचं पुढं सांगतेच. पण त्याआधी आमच्या घरात तीन महिने चाललेलं एक भांडण तुम्हाला कळायला हवं, नाहीतर माझी फजिती अर्धीच पदरात पडेल.

आमचे हे, म्हणजे बालाजी, नांदेडात वायरिंगची कामं घेतात. कुणाच्या हाताखाली नाहीत. काम स्वतःचं, मोटारसायकल स्वतःची, शिडी स्वतःची. एकच वस्तू स्वतःची नाही, ती म्हणजे मेगर. लोखंडी डब्यासारखी जड मशीन असते. बाजूला दांडा असतो, तो गरगर फिरवायचा. आतून दोन वायरी येतात, एक लाल, एक काळी, आणि टोकाला दातेरी चिमटे. ते चिमटे वायरिंगला लावून दांडा फिरवला की काचेतला काटा सांगतो, आत कुठं वीज गळते का. घर असो, गिरणीची मोटार असो, मेगर लावल्याशिवाय काम चोख झालं असं छातीठोक सांगता येत नाही.

ही मेगर हे किरायानं आणतात, हनीफचाचांच्या दुकानातून. चाचांच्या वडिलांच्या वेळचं दुकान आहे ते. ड्रिल, शिड्या, पाण्याच्या मोटारी, जे मागाल ते तिथं किरायानं मिळतं.

माझं म्हणणं साधं होतं. विकत घ्या. सकाळी उठून दुसऱ्याच्या दारात ‘चाचा, मशीन हाय का’ करत उभं राहायचं, याला स्वतःचं काम म्हणतात का? अर्धापूरला केळी पिकवायच्या एका नव्या खोलीचं काम यांच्याकडे आलं होतं. ऐन दिवशी चाचांची मेगर देगलूरला गेलेली. काम दुसऱ्यानं नेलं. मी पुढं आठ दिवस घरात केळं येऊ दिलं नाही, निषेध म्हणून. यांना ते कळलंसुद्धा नाही.

यांचं म्हणणं एकच. "महिन्यातून तीनदा लागती ती. बाकीचे दिवस काय कपाटात ठेवून आरती करायची का तिची? दरसाल तपासून आणा, कागद घ्या, कुणी पाडली की काटा हलतो. ते डोकं चाचाचं दुखू दे ना. आपलं कामून दुखवून घ्यायचं?"

मी म्हणायचे, इज्जतीचा प्रश्न आहे. हे म्हणायचे, काट्याचा प्रश्न आहे. सकाळच्या चहाला आणि रात्रीच्या जेवणाला हाच विषय, आणि दोघांच्या मध्ये बसून जुई वरण-भात खात सगळं ऐकत असायची. ऐकत असायची, हे माझ्या लक्षातच आलं नाही. चार पानांच्या उत्तरात हा मुद्दा असायला हवा होता.

तर, शुक्रवारी शाळा. आधी मिसकडे, मिसनी थेट मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये नेलं. म्हणजे प्रकरण गंभीर. जुई माझ्या ओढणीचं टोक धरून उभी.

"ही रोज वर्गात सांगते की आमच्या घरी मगर येते," मिस म्हणाल्या.

"कोण येते?"

"मगर. पाण्यातली."

मी जुईकडे पाहिलं. तिनं ‘हो’ अशी मान हलवली.

मिसनी मग एकेक बोट मोडत सगळं आरोपपत्र वाचलं. मगर महिन्यातून दोन-तीनदा येते. बाबा तिला मोटारसायकलवर टाकीवर ठेवून आणतात. ती कॉटखाली झोपते. तिला दोन तोंडं आहेत, एक लाल, एक काळं, आणि दोन्हींत दात आहेत. तिचा कान पिळला की ती गुरगुरते. आई म्हणते विकत घेऊ, बाबा म्हणतात किरायाचीच बरी.

"हे ऐकून वर्गातली तीन मुलं घरी जाऊन मगरीसाठी रडली," मिस म्हणाल्या. "एकाच्या आजोबांनी मला फोन करून विचारलं, कुठं मिळते म्हणून."

दोन तोंडं होईपर्यंत मी रडायच्या बेतात होते. पण ‘कान पिळला की गुरगुरते’ इथं माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला आणि मला इतक्या जोरात हसू फुटलं की मोठ्या मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

मग मी सगळं समजावून सांगितलं. मेगर काय असते, चिमटे कसे असतात. आमचे हे घाईत बोलताना मेगर म्हणतच नाहीत, मगरच म्हणतात. आणि त्या दातेरी चिमट्यांना इलेक्ट्रिशियन लोक इंग्रजीत काय म्हणतात माहीत आहे का? क्रोकोडाईल क्लिप. आता लेकरानं काय समजायचं? हसू ओसरलं तसा मला राग चढायला लागला. रात्रभर जामीन करत बसले होते मी. आणि माझ्या लेकीचा गुन्हा काय? तर तिनं एक मात्रा खाल्ली होती. मेगरची मगर. एका मात्रेसाठी लाल शाई आणि दोन रेघा?

"बाकी एक शब्दसुद्धा खोटा नाही तिचा," मी म्हटलं. "कॉटखाली झोपते, हे पण खरं आहे."

इथं मिसनी ‘चुकलं हो आमचं’ म्हणायला हवं होतं की नाही? तुम्हीच सांगा. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "अच्छा. म्हणजे किरायाचं सामान होतं ते. आम्हाला काय वाटलं."

किरायाचं सामान.

त्यांच्या मनात काही नसेलही. पण ते शब्द माझ्या कानात असे शिरले, की जणू आमचा संसार, आमची पातेली, माझी ओढणी, सगळंच कुठून तरी आणलेलं आहे आणि संध्याकाळी परत करायचं आहे. आणि माझ्या तोंडातून, माझी परवानगी न घेता, बाहेर पडलं, "किरायाची कशाला? आमची स्वतःची आहे."

तीन महिने घरात जो वाद मी हरत आले होते, तो मी मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये एका वाक्यात जिंकला.

जुईनं वर पाहिलं. "आई, पण ती तर चाचा..."

मी तिच्या दंडाला चिमटा काढला. मेगरचा चिमटासुद्धा इतका घट्ट बसत नसेल.

मी उठणार एवढ्यात मोठ्या मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या. स्वतःची आहे? मिस्टरांकडे? आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझा राग दुप्पट झाला. व्हरांड्यातल्या पाण्याच्या कूलरला हात लावला की मुलांच्या हाताला मुंग्या येत होत्या. आठ दिवसांपासून तो बंद करून ठेवला होता. नेहमीचा इलेक्ट्रिशियन म्हणत होता, मशीन मिळाली की येतो, आणि मशीन काही त्याला मिळत नव्हती.

त्या कूलरला माझी जुई रोज हात लावत होती. मगरीचं लाल शाईत लिहून येतं, आणि कूलरचं साध्या निळ्या शाईतसुद्धा नाही? मी तसं बोलून दाखवणार होते. पण मॅडम म्हणाल्या, "मला आता स्वतःचं सामान असलेलाच माणूस पाहिजे. सोमवारी मिस्टरांना पाठवा. काम पटलं तर संस्थेच्या चारही शाळांचं दरवर्षीचं तपासणीचं काम त्यांनाच देऊ. लातूरची शाळा धरून."

चार शाळा. माझा राग जागच्या जागी विरघळला. मी म्हटलं, हो, सोमवारी नक्की.

घरी येताना जुईनं माझी ओढणी ओढली. मग तिनं विचारलं, "आई, तू आत्ता असत्य कथन केलं का?"

मी म्हटलं, ते कथन नव्हतं, ते फक्त थोडं पुढचं बोलणं होतं. घेणारच आहोत ना आपण मेगर.

"कधी?"

"घेतली की."

हे उत्तर मलाच पटलं नाही, तर तिला काय पटणार.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे उंबऱ्यात बसून वायर सोलत होते. आधी मगर ऐकून पोट धरून हसले. मग चार शाळा ऐकून हसायचे थांबले. मग स्वतःची मेगर ऐकून त्यांनी पक्कड खाली ठेवली.

"कामून सांगितलंस तसं?"

मी म्हटलं, त्या किरायाचं सामान म्हणाल्या.

"मग? किरायाचंच हाय ना."

काय बोलणार अशा माणसाशी? ते म्हणाले, मी सोमवारी जातो आणि पहिल्यांदा खरं सांगतो, की मशीन हनीफचाचाची आहे. मी म्हटलं, सांगा, खुशाल सांगा, म्हणजे जुईच्या डायरीत आता माझं नाव येईल, ‘पाल्याची आई असत्य कथन करते’. यांनी पक्कड पुन्हा उचलली. शेवटी म्हणाले, "मी तिथं खोटंबी बोलणार न्हाई अन् खरंबी. काटा काय सांगंल तेवढं सांगतो. बाकी तुझं तू निस्तर."

निस्तरायला मी जुईला घेऊन तडक चाचांच्या दुकानात. आणि चाचा म्हणाले, "बेटी, मेगर तर लातूरला गेली."

हनीफचाचा सत्तरीचे. चष्मा कपाळावर ठेवून नाकावर शोधतात. लातूरला कुठल्या तरी होस्टेलचं काम चाललं होतं, तिथला इलेक्ट्रिशियन मेगर घेऊन गेला होता, तो बुधवारी वापस आणणार. बाजारातल्या दुसऱ्या दुकानात एक होती, ती मी तशीच जाऊन बघून आले. तिची काच फुटलेली आणि काटा लुळा पडलेला. माझा तोल गेला. मी चाचांना म्हटलं, बघा, हेच तर मी तीन महिने घरी सांगते आहे, की ज्याला वेळेला लागतं त्यानं विकतच घ्यावं, दुसऱ्याच्या भरवशावर धंदा होत नसतो. बरंच काही म्हटलं. दुकानात स्क्रू घ्यायला आलेला माणूस स्क्रू न घेताच गेला.

चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घे ना विकत. मी कुठं नक्को म्हणतो? पण बेटी, आज काटा बिघडला तर रडतो मी, अन् चिडतेस तू. दोघांत वाटून हाय. उद्या घेतलीस का मग रडायचंबी तुलाच अन् चिडायचंबी तुलाच. जमंल का बघ."

चिडायला मला नेहमी समोर कुणी तरी लागतं, हे त्यांना पाच मिनिटांत कसं कळलं कोण जाणे.

चाचांनी लातूरला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, काम झालंय, पण मला बुधवारशिवाय यायला जमणार नाही, कुणाला घाई असेल तर येऊन घेऊन जा. यांना शनिवारी लोह्याला पिठाच्या गिरणीचं काम होतं, शब्द दिलेला. उरलं कोण? लातूर माझं माहेर. मी म्हटलं, मी आणते. त्यात काय, डबाच तर आहे.

तर शनिवारी सकाळच्या एस.टी.नं मी आणि जुई लातूरला. जाताना काही झालं नाही. म्हणजे, कंडक्टरनं विचारलं, कुठं निघाली गं बाळ, तर जुईनं सांगितलं, मगर आणायला. तो हसला, तिकीट फाडलं. लातूरला उतरले, होस्टेलवर गेले, मशीन ताब्यात घेतली आणि उलट्या पावली स्टँडवर. आईकडे जेवायलाही थांबले नाही. आई अजून बोलते त्यावरून. ‘लातुरात येऊन गेली म्हणे, अन् एका डब्यासाठी.’

आणि तो डबा. मला वाटलं होतं शिलाई मशीनच्या झाकणाएवढा असेल. उचलला तेव्हा कळलं की हे मोटारसायकलवर टाकीवर का ठेवतात ते. दहा पावलांवर हात बदलत, एका खांद्याला पर्स, एका बोटाला जुई, अशी मी बसमध्ये चढले आणि डबा सीटखाली सारला.

शेजारी एक आजी होत्या, अहमदपूरला जाणाऱ्या. चाकूर यायच्या आत जुईनं त्यांना सांगितलं, "आजी, पाय वर घ्या. खाली मगर हाय."

आजींनी पाय वर घेतले. मी म्हटलं, आजी, तसं काही नाही, मशीन आहे, ठेवा पाय खाली. आजी म्हणाल्या, राहू दे बाई, लेकराच्या तोंडून देव बोलतो. त्या अहमदपूरपर्यंत मांडी घालून बसल्या. मागच्या सीटवरचा माणूस वाकून बघायला लागला. पुढच्याला वाटलं काही तरी खरंच आहे, तो उभा राहिला. कंडक्टर आला.

"ताई, जनावर असंल तर सांगून ठेवायचं. असं न्हाई चालत."

"मशीन आहे हो. इलेक्ट्रिशियनची."

"मग ही पोरगी खोटं कामून बोलून राहिली?"

बघा. बघितलंत? एका आठवड्यात दुसरा माणूस. मी भर बसमध्ये उभी राहिले, डबा ओढून बाहेर काढला, झाकण उघडलं, चिमटे दाखवले, दात दाखवले, दांडा फिरवून गुरगुर ऐकवली, आणि सगळ्यांना ठणकावून सांगितलं, "माझी मुलगी आजवर कधी खोटं बोललेली नाही. आमच्या घरात कुणी बोलत नाही."

बसमधली एक बाई ‘खरंय’ म्हणाली. मी समाधानानं बसले. जुई माझ्याकडे बघत होती. लेकरं कशी बघतात माहीत आहे ना, पापणी न हलवता? तशी.

घरी येऊन डबा पुसायला घेतला तर झाकणावर पिवळ्या ऑइलपेंटनं हे मोठ्ठं लिहिलेलं: ‘हनीफ’. आणि त्याखाली: ‘वापस करणे’.

आता काय करावं? रंग खरवडला तर चाचा खरवडतील. मी जुईच्या वह्यांची लेबलं काढली, फुलपाखरांची. दोन शेजारी-शेजारी चिकटवली तर हनीफ झाकला गेला, तिसऱ्याखाली ‘वापस करणे’ गेलं. पण कोरी लेबलं संशयास्पद दिसायला लागली, म्हणून एकावर पेनानं लिहिलं. नाव: बालाजी इलेक्ट्रिकल्स. विषय: मेगर. इयत्तेची जागा मी मोकळीच सोडणार होते, पण जुई म्हणाली इयत्ता लिहिली नाही तर मिस रागावतात. म्हणून लिहिलं, एल.के.जी.

"आई, चाचांचं नाव कामून झाकतीस?"

"धूळ बसू नये म्हणून."

शुक्रवारपासून हे माझं कितवं होतं, ते मी मोजायचं सोडून दिलं होतं. एवढं मात्र सांगते, की पहिलं बोलताना जीभ अडखळली होती. हे अगदी सहज आलं.

सोमवारी आम्ही तिघंही शाळेत. कूलरपाशी मोठ्या मॅडम, मिस आणि शिपाईमामा उभे. यांनी डबा खाली ठेवला. मॅडमनी लेबल वाचलं, इयत्तासुद्धा वाचली. यांनी मेन बंद केला, कूलरचं मागचं झाकण काढलं, एक चिमटा वायरीला, एक पत्र्याला लावला आणि दांडा फिरवला.

काटा शून्यावर जाऊन पडला.

आमचे हे घरात दिवसभरात पाच वाक्यं बोलतात. पण तिथं त्यांनी मॅडमना वाकून नीट दाखवलं, की बघा, आतली एक वायर पत्र्याला घासून सोललेली आहे, वीज तिथून पत्र्यात येते, आणि कूलरची अर्थिंगही तुटलेली आहे. आज मुंग्या आल्या. पावसाळ्यात ओल्या पायानं कुणी हात लावला असता तर मुंग्यांवर भागलं नसतं. शिपाईमामांनी ‘अरे बाप’ म्हटलं. मी जुईचा हात धरला, तर तो ओला होता, वॉटरबॅगच्या पाण्यानं. खरं सांगते, त्या क्षणी मला लाल शाई, किरायाचं सामान, इज्जत, सगळं विसरायला झालं. चाचांची ती जुनी मशीन लातूरहून ओढत आणली याचंच काय ते बरं वाटलं.

तासाभरात यांनी वायर बदलली, अर्थिंग जोडली आणि पुन्हा दांडा फिरवला. काटा सरसर चढत पार टोकाला जाऊन उभा राहिला. मॅडमनी टाळी वाजवली नाही एवढंच. म्हणाल्या, असा माणूस पाहिजे. चारही शाळा तुमच्या.

यांनी माझ्याकडे बघितलं. मी यांच्याकडे. मी मनात म्हटलं, आता गोड बोलून निघायचं, डबा चाचांच्या दारात ठेवायचा आणि आयुष्यात पुन्हा एक अक्षर खोटं बोलायचं नाही.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "मग असं करा. मशीन आठवडाभर आमच्याकडेच राहू द्या. संस्थेची गाडी उद्या लातूरच्या शाळेला चाललीच आहे, तिच्यातून पुढं पाठवून देते. तुम्ही तिकडे जाईपर्यंत तिथला माणूस एकदा तपासून घेईल. तुमची स्वतःचीच आहे, नाही का?"

लातूरला.

आणि तेव्हा मला स्वतःच्या वस्तूबद्दलची ती गोष्ट कळली, जी तीन महिन्यांच्या भांडणात यांनाही सुचली नव्हती आणि चाचांनाही. किरायाची वस्तू कुणी उसनी मागत नाही. स्वतःची म्हटलं की पहिलं वाक्य, ‘राहू द्या की आमच्याकडे’.

यांना खोकला लागला. खोटंही नाही आणि खरंही नाही, असा खोकला. चाचा संध्याकाळी दुकान बंद करायच्या आत मशीनची वाट बघणार होते. मी ठरवलं, आता सांगायचं. देवाशप्पथ, ठरवलं होतं. ‘मॅडम, खरं म्हणजे’ इथपर्यंत मी आलेसुद्धा. पण मिसना माझा चेहरा दिसला असावा. त्यांनी फुलपाखरांच्या लेबलांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि जुईसमोर उकिडव्या बसल्या.

"जुई बेटा," त्या इतक्या प्रेमानं म्हणाल्या, की शुक्रवारी हा आवाज कुठं होता कोण जाणे. "माझंच चुकलं होतं त्या दिवशी. तू कधी खोटं बोलत नाहीस, आता मला माहीत आहे. तूच सांग. ही मगर किरायाची आहे का तुमची?"

जुईनं मिसकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, तशीच, पापणी न हलवता. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हटलं, बोल बाई, खरं बोल, सुटू दे एकदाचं.

"किरायाची होती ती मेली, मिस," जुई म्हणाली. "ही आमची हाय. न्या तुम्ही. घरी हिची दोन पिल्लं हायत."